सपाट काउंटीचा माथा कसा शोधावा?

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात अमेरिकेतील राज्याराज्यांच्या सर्वोच्च शिखरांविषयी एक उत्तर दिले होते. त्यावरून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे जवळजवळ एकाच गोष्टीविषयी, म्हणजे सपाट काउंटीतली (काउंटी म्हणजे राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सर्वांत उंच जागा कशी शोधावी याविषयी, विचारतात, म्हणून ती या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही गेली नऊ वर्षे इलिनॉय राज्याच्या मध्यभागी राहतो. माझे माहेर साताऱ्याचे. घराच्या दारात उभे राहिले की अजिंक्यतारा दिसायचा, त्यामुळे इथल्या सपाट मुलखाची सवय व्हायला मला फार दिवस लागले. गेल्या वर्षी सुटीत मुलीला कळसूबाईला नेले होते. परत आल्यावर तिने विचारले, “आई, आपल्या काउंटीचे कळसूबाई कुठे आहे?” त्यानंतर आम्ही तीन रविवार गाडीने हिंडलो. चारी बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्ये सरळ रस्ते, आणि उंच असे काही दिसले तर धान्याचे कोठार किंवा पाण्याची टाकी. फोनवरचे ॲप तर एकाच जागेची उंची दोन दिवशी दोन दाखवते. कृपया जागा सांगू नका, पद्धत सांगा. शोध आम्हाला स्वतः घ्यायचा आहे. — एक वाचक, मध्य इलिनॉय

उत्तर : तुमच्या मुलीने अतिशय नेमका प्रश्न विचारला आहे. मी तीस वर्षे पॉलिटेक्निकमध्ये मुलांना सर्वेक्षण शिकवले, आणि निवृत्तीनंतर इंडियानात भाच्याकडे राहिलो तेव्हा हाच शोध दोन काउंट्यांमध्ये घेतला. सह्याद्रीत शिखर आधी दिसते आणि मग आपण त्याची उंची विचारतो. सपाट मुलखात शिखर दिसत नाही. अनेक जागा एकेक करून बाद कराव्या लागतात आणि जी उरते तिला माथा म्हणावे लागते. म्हणून गाडीने हिंडण्यापासून सुरुवात करू नका. पहिले काही दिवस घरी, टेबलावर, नकाशांसोबत काढा.

सपाट जमीन आणि समतल जमीन यांत फरक आहे, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. तुमच्याकडच्या जमिनीला जो काही चढउतार आहे तो बर्फाने दिलेला आहे. वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेला प्रचंड हिमस्तर इलिनॉयच्या मध्यापर्यंत पोचला होता. त्याची कड जिथे शेकडो वर्षे एकाच ठिकाणी थांबली, तिथे मागून येणारा बर्फ सोबत आणलेली माती, चिकणमाती आणि गोटे आणून टाकत राहिला आणि कड वितळत राहिली. अशा रीतीने मैलोन्‌मैल लांबीचे, कमानीसारखे वळलेले बांध तयार झाले. भूगोलाच्या पुस्तकात आपण त्यांना हिमोढ म्हणतो. शेल्बीव्हिल, शॅम्पेन, ब्लूमिंग्टन, मार्सेल्स ही नावे तुम्ही गावांची म्हणून ऐकली असतील. तीच त्या हिमोढांचीही नावे आहेत. हे बांध आजूबाजूच्या मैदानापेक्षा पन्नास-शंभर फूट उंच असले तरी काही मैल रुंद असतात, त्यामुळे गाडीतून जाताना चढ लागला हे कळतही नाही. राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या हिमोढांचे नकाशे केलेले आहेत. तुमच्या काउंटीतून कोणता हिमोढ जातो ते त्यात पाहिले, तर शोधाचे क्षेत्र एकदम आक्रसते. दुसरी खूण ओढ्यांची. ज्या पट्ट्यातून ओढे दोन्ही बाजूंना निघतात, तो पाणलोटाचा दुभाजक बहुधा त्याच बांधाच्या माथ्यावरून जातो. आणि तुमच्याकडे पवनचक्क्या असतील, तर रात्री त्यांच्या लाल दिव्यांची रांग कुठे आहे तेही पाहा, कारण वाऱ्यासाठी त्यांनाही उंच बांधच हवा असतो.

आता नकाशा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे यूएसजीएसने, सगळ्या मुख्य भूमीचे एकास चोवीस हजार या प्रमाणाचे स्थलवर्णन नकाशे काढलेले आहेत आणि ते संगणकावर विनामूल्य मिळतात. सपाट प्रदेशात त्यांवरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाच किंवा दहा फुटांच्या अंतराने असतात. तुमच्या काउंटीत येणारे सगळे नकाशे घ्या, त्यांवरील सर्वांत मोठ्या आकड्याची समोच्च रेषा शोधा, आणि ती रेषा जिथे जिथे स्वतःभोवती बंद होते ते प्रत्येक वर्तुळ रंगवा. बहुतेक जण यातले सर्वांत मोठे वर्तुळ घेऊन मोकळे होतात, आणि चूक इथेच होते. समजा, सर्वांत वरची रेषा 900 फुटांची आहे आणि रेषांमधले अंतर पाच फुटांचे आहे. अशा वेळी वर्तुळाच्या आतली जमीन 900 ते 905 फूट यांच्यामध्ये कुठेही असू शकते, आणि अर्ध्या एकराचे लहान वर्तुळ चाळीस एकरांच्या मोठ्या वर्तुळापेक्षा दोन फूट उंच निघू शकते. त्यातच, या नकाशांच्या अचूकतेचे मानक असे आहे की तपासलेल्या बिंदूंपैकी नव्वद टक्के बिंदू रेषांच्या अंतराच्या निम्म्याच्या आत बरोबर असावेत. म्हणजे अडीच फुटांची चूक मानकानेच मान्य केलेली आहे. म्हणून 900 ची सगळी वर्तुळे उमेदवार धरावीत, आणि 895 च्या वर्तुळांतली जी ठळक असतील तीही बाजूला टिपून ठेवावीत.

जुन्या नकाशांवर ‘बीएम’ अशा अक्षरांसह एखादा आकडा छापलेला दिसेल. ते बेंचमार्क, म्हणजे तलचिन्ह. ते माथ्याचे चिन्ह आहे असे समजू नका. तलचिन्हे बहुधा रेल्वे आणि रस्त्यांच्या कडेने लावली गेली, जिथून मोजणीदारांना लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचे दुर्बिणीचे उपकरण, नेणे सोयीचे होते. तरीही एखादे जाऊन पाहाच. काँक्रीटमध्ये बसवलेली तळहाताएवढी धातूची चकती असते, काळपट हिरवी पडलेली, आणि जुन्या चकत्यांवर कडेने कोरलेले असते की हे चिन्ह हलवल्यास अडीचशे डॉलर दंड किंवा कैद. मुलीला ती बोटांनी वाचायला द्या. आपल्याकडे जुन्या पुलांवर आणि दगडांवर ‘जीटीएस’ (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) ही अक्षरे कोरलेली सापडतात, त्यांची ही अमेरिकेतली भावंडे आहेत.

नकाशानंतरचे काम गेल्या वीस वर्षांत पार बदलले आहे, आणि तुमच्या शोधाला खरा आधार त्याचाच आहे. विमानातून जमिनीवर लेसरचे लक्षावधी ठोके सोडायचे, प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे, आणि त्यावरून जमिनीची उंची काढायची, ही लायडार मोजणी. झाडे, घरे आणि उभी पिके यांवरून आलेले ठोके वेगळे काढले की उघड्या जमिनीचे एक मीटर चौकटीचे उंचीचे डिजिटल प्रारूप तयार होते. हे उड्डाण शक्यतो झाडांना पाने नसताना करतात. यूएसजीएसच्या राष्ट्रीय नकाशा सेवेवरून आणि राज्याच्या भांडारातून ही माहिती उतरवून घेता येते, आणि क्यूजीआयएस नावाच्या विनामूल्य प्रणालीत ती उघडता येते. काउंटीच्या सीमेवर प्रारूप कापा, सर्वांत मोठा आकडा विचारा, आणि मग त्या आकड्याच्या खाली तीन-चार फुटांपर्यंतची सगळी जमीन एका रंगात दाखवायला सांगा. हे करायला एक संध्याकाळ पुरते.

त्या संध्याकाळी जे दिसेल त्यावर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. प्रारूपातला सर्वांत उंच ठिपका जवळजवळ नेहमी माणसाने उचललेल्या मातीवर पडतो. महामार्गावरच्या पुलाचा स्लॅब प्रारूपातून काढून टाकलेला असतो, पण पुलाकडे चढत जाणारा दोन्ही बाजूंचा मातीचा भराव तसाच राहतो. माझ्या पहिल्या काउंटीत पहिले पाच ठिपके अशा भरावांवर होते, सहावा एका गोठ्याशेजारच्या शेणखताच्या ढिगावर, आणि सातवा खऱ्या जमिनीवर. म्हणून प्रत्येक ठिपका हवाई छायाचित्रावर टाकून बघा, उतारांना सावली देणारा नकाशा काढून बघा. निसर्गाचा उंचवटा पसरट आणि कडेने विरघळलेला दिसतो. भरावाला सरळ कड आणि कोपरे असतात.

शेवटी तुमच्या हाती तीन-चार जागा राहतील. लायडारची सर्वसाधारण अचूकता दहा सेंटीमीटरच्या आसपास धरतात, तेव्हा दोन जागांत हातभर फरक असेल तर निर्णय झाला असे समजा. एका वितीहून कमी फरक असेल, तर लायडारला तो निर्णय देता येत नाही, आणि तिथे शेतात उतरावे लागते.

शेतात उतरल्यावर डोळ्यांवर विसंबू नये. मोकळ्या मैदानात क्षितिज आपल्या डोळ्यांच्या पातळीला भासते, त्यामुळे तुम्ही ज्या उंचवट्यावर उभे असता तो सपाट वाटतो आणि पलीकडचा उंच वाटतो. पलीकडे जाऊन मागे वळून पाहिले की पहिलाच उंच वाटू लागतो. भाच्याच्या धाकट्या मुलाने मला अशा दोन उंचवट्यांमध्ये एका दुपारी चार खेपा घालायला लावल्या, कारण प्रत्येक वेळी त्याला समोरचाच खरा वाटत होता. शेवटी आम्ही लेव्हल लावली, आणि दोहोंतला फरक निघाला अकरा सेंटीमीटर.

लेव्हल म्हणजे बांधकामावर असते तीच ऑटो लेव्हल आणि तिच्यासोबतचा स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी. ती भाड्यानेही मिळते. उपकरण दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये ठेवावे, मागे आणि पुढे सारखेच अंतर राखावे, आणि पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी एका जागेपासून दुसरीपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्या जागी परत यावे. परत आल्यावर बेरीज-वजाबाकी शून्याजवळ आली नाही, तर मोजणी नव्याने करावी. मैलभर दूरच्या उंचवट्याकडे इथूनच नेम धरून चालत नाही, कारण पृथ्वी वाकलेली आहे. एका मैलावर, हवेतून प्रकाश किंचित वळतो ते धरूनही, बरोबर आपल्याइतकीच उंच असलेली जागा सुमारे सतरा सेंटीमीटर खाली दिसते, आणि दोन मैलांवर हाच फरक चौपट होतो. दोन्ही अंतरे सारखी ठेवली की ही चूक आपोआप कटते. दोन्ही बिंदू एकाच शेतात जवळजवळ असतील तर लेव्हलचीही गरज नाही. आपल्याकडचे गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतींची पातळी काढतात, तसे करा. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक मुलीच्या हातात आणि दुसरे तुमच्या, पाणी दोन्हीकडे स्थिर झाले की जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा. जिथे ते कमी भरेल ती जागा उंच.

फोनचेही सांगतो. उपग्रहांवरून स्थान काढताना आडवे अंतर बरे मिळते, पण उंचीत पाच-दहा मीटरची चूक सहज होते, कारण पायाखालच्या बाजूचे उपग्रह पृथ्वीच्या आड असतात. शिवाय उपग्रहाची उंची एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि नकाशावरची उंची समुद्रसपाटीपासून. तुमच्या भागात या दोहोंत तीसेक मीटरचे अंतर आहे. बरीच ॲप ते वजा करून दाखवतात, काही करत नाहीत. म्हणून फोन घेऊन जा, पण ठरवलेल्या जागेवर पोचण्यासाठी. उंचीसाठी त्याचा आकडा वहीत लिहू नका.

प्रश्न : आमच्या काउंटीत सर्वांत उंच दिसतो तो कचरा डेपोचा गवत लावलेला डोंगर. माझे म्हणणे, उंच ते उंच. माझे मित्र म्हणतात, तो धरायचा नाही. नैसर्गिक म्हणजे नेमके काय? — एक वाचक, इंडियाना

उत्तर : तुमच्या मित्रांचे बरोबर आहे. काउंट्यांचे माथे शोधणाऱ्या लोकांमध्ये नैसर्गिक जमीन हीच अट मानली जाते, आणि मला ती योग्य वाटते. माणसाने रचलेले धरायचे झाले, तर इलिनॉय राज्याचा सर्वोच्च बिंदू शिकागोच्या एका इमारतीवर न्यावा लागेल. पूर्वी सिअर्स टॉवर म्हणून ओळखली जाणारी विलिस टॉवर ही इमारत 442 मीटर उंच आहे. तिच्या पायथ्याची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे 180 मीटरवर आहे. राज्याचा खरा माथा म्हणजे वायव्य कोपऱ्यातला चार्ल्स माउंड, आणि त्याची उंची 376 मीटर. म्हणजे इमारतीचे वरचे कितीतरी मजले चार्ल्स माउंडपेक्षा उंचावर भरतात. चार्ल्स माउंड ज्या कोपऱ्यात आहे तो भाग हिमस्तरांच्या तावडीतून सुटला होता, म्हणून तिथे जुन्या खडकाचे उंचवटे शिल्लक राहिले. जमिनीचा असा इतिहास आपल्याला वाचायचा असेल, तर इमारत आणि कचरा बाजूला ठेवावाच लागतो.

कचरा डेपो, धरणाचा बांध, पुलाचा भराव, खाणीतून काढलेली माती हे सगळे वगळावे. इलिनॉयमध्ये टोलुका गावाजवळ कोळशाच्या खाणीतून निघालेल्या दगडमातीचे दोन मोठे ढिगारे आहेत. लोक त्यांना ‘जंबो’ म्हणतात आणि मैलांवरून ते टेकड्यांसारखे दिसतात, पण या हिशेबात ते येत नाहीत. काहोकिया इथला मंक्स माउंड त्याहून कितीतरी जुना; जवळजवळ हजार वर्षांपूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांनी टोपल्यांनी माती वाहून सुमारे तीस मीटर उंच रचलेला. त्याच्यासमोर उभे राहिले की मान आपोआप झुकते, तरीसुद्धा नैसर्गिक माथ्याच्या हिशेबात तोही धरत नाहीत.

खरी पंचाईत मोठ्या ढिगांची नसते, फूटभर फरकाची असते. खेड्यातला साधा रस्तासुद्धा दोन्ही बाजूंना चर खणून आणि ती माती मध्ये टाकून केलेला असतो, त्यामुळे त्याचा मधला भाग शेतापेक्षा फूटभर वर असतो. माथा रस्त्यातच आला असे वाटले, तर दोन्ही बाजूंच्या शेतात वीस-वीस मीटर आत जाऊन उंची घ्यावी आणि मधली जमीन मुळात कशी असेल याची रेषा ओढावी. काउंट्यांच्या सीमा पुष्कळदा अशा रस्त्याच्या मधोमध जातात, कारण 1785 च्या कायद्यानंतर हा सगळा मुलूख सहा-सहा मैलांच्या चौरसांत आणि त्यांतल्या एक-एक मैलाच्या छत्तीस चौकटींत आखला गेला, आणि रस्ते व सीमा त्याच रेषांवर बसल्या. जमीन शेजारच्या काउंटीत चढतच जात असेल, तर तुमच्या काउंटीचा माथा असा सीमेवरच येतो. मग तिथे टेकाड नसते, फक्त चढ मध्येच तुटलेला असतो. अशा वेळी रस्ता सोडून तुमच्या बाजूच्या कुंपणाजवळची जमीन धरावी.

कुंपणाविषयी आणखी एक बारीक गोष्ट आहे. शंभर-दीडशे वर्षे नांगरलेल्या शेताच्या मधल्या उंचवट्यावरची माती हळूहळू उतारावर ओढली जाते, म्हणून वसंतात नांगरलेल्या काळ्या शेतात उंचवट्यांची डोकी फिकट, पिवळसर दिसतात. वरची काळी माती गेलेली असते आणि खालचा थर उघडा पडलेला असतो. कुंपणाखालची, जुन्या दफनभूमीतली किंवा कधीच न नांगरलेली गवताळ पट्टी यामुळे शेतापेक्षा उंच राहते. ती माणसाने उचललेली नाही; उलट शेत खाली गेले आहे. माझ्या मते ती नैसर्गिक धरावी. दफनभूमीत मात्र एखाद्या थडग्यावर भरलेली माती मोजू नये, आणि तिथे उपकरणे घेऊन जाण्याआधी त्या जागेची देखभाल करणाऱ्यांना विचारावे.

प्रश्न : जागा सापडली आहे, पण ती दुसऱ्याच्या शेतात आहे. कधी जावे आणि परवानगी कशी मागावी? — एक वाचक, मध्य इलिनॉय

उत्तर : मक्याची कापणी झाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्चअखेर. उन्हाळ्यात जाऊ नये. मका माणसाच्या डोक्यावर जातो, दिसत काही नाही, आणि पिकातून चालणे म्हणजे कोणाच्या तरी ताटात पाय देणे. सर्वांत उत्तम दिवस थंडीतला, जमीन गोठलेली आणि बर्फ नसलेला. चिखल नसल्याने जमीन दाबली जात नाही, आणि कापलेल्या मक्याच्या खुंटांमध्ये स्टाफ सरळ उभा करता येतो. खुंट कडक आणि तिरके कापलेले असतात, जाड तळव्याचे बूट घालावेत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचे दिवस असतात, त्या काळात अंगावर भडक नारिंगी जाकीट हवेच.

जमीन कोणाची आहे ते काउंटीच्या नकाशांत आणि भूखंडांच्या छापील पुस्तकात मिळते. मात्र त्या भागात बरीच शेती खंडाने दिलेली असते, म्हणून मालक शहरात आणि कसणारा शेजारच्या घरात, असे नेहमी घडते. दोघांनाही विचारावे. फोनपेक्षा दारात जाऊन बोलणे बरे. सोबत मूल आणि कागदावर छापलेला नकाशा असावा, आणि “तुमच्या शेतात कदाचित सगळ्या काउंटीतली सर्वांत उंच जमीन आहे,” एवढेच सांगावे. मी विचारले त्या दोन्ही शेतकऱ्यांना हे ठाऊक नव्हते. दोघेही टोपी घालून आमच्याबरोबर शेतात आले, आणि त्यांतल्या एकाने पहिल्या पाच मिनिटांत सांगितले की तो उंचवटा वडिलांच्या काळी जास्त होता, ट्रॅक्टर फिरवायला अडचण होते म्हणून त्यांनीच तो थोडा उतरवला. ही माहिती लायडारमध्ये नव्हती. नकार मिळाला तर वाद न घालता परत यावे. झाडांच्या किंवा खांबांच्या बुंध्यावर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे ओढलेले दिसले, तर इलिनॉयमध्ये त्याचा अर्थ ‘प्रवेश नाही’ असा आहे. फलक नसला तरी कायदा तो मानतो.

प्रश्न : एवढी मोजमापे असताना एखाद्या काउंटीचा किंवा राज्याचा माथा वर्षानुवर्षे चुकीचा मानला गेला, असे कधी घडले आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : घडले आहे, आणि अगदी अशाच शेतीच्या काउंटीत. आयोवा राज्याच्या वायव्येला ऑसिओला नावाची काउंटी आहे. तिथे ओशेयेडन माउंड नावाची एक गवताळ टेकडी आहे. हिमस्तर वितळत असताना त्याच्या भेगांमधून खाली पडणाऱ्या पाण्याने वाळू आणि खडे एका जागी साचवले, भोवतीचा बर्फ गेला आणि तो ढीग शंकूसारखा उभा राहिला. अशा टेकडीला केम म्हणतात. शेजारून नदीचे सखल खोरे जाते, त्यामुळे ती टेकडी दुरूनही उठून दिसते. साऱ्या मैदानात तेवढेच टेकाड डोळ्यांत भरणारे असल्याने तोच काउंटीचा आणि साऱ्या आयोवाचाही सर्वोच्च बिंदू आहे, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत होते आणि छापीलही तसेच होते.

1970 च्या दशकात यूएसजीएसच्या नव्या स्थलवर्णन मोजणीत दिसले की त्याच काउंटीत, सिब्ली गावाच्या उत्तरेला, एका शेतकरी कुटुंबाच्या वाड्यालगतची जमीन त्याहून उंच आहे. तिची उंची 1,670 फूट, म्हणजे 509 मीटर. तिथे टेकडी नाही. हिमोढाचा रुंद, पसरट माथा आहे, आणि त्यावरून चालताना आपण राज्याच्या माथ्यावर आहोत हे पायांना कळत नाही. ओशेयेडनची टेकडी खोऱ्यातून वर आलेली, म्हणून पायथ्यापासून उंच. हा माथा आधीच उंच असलेल्या जमिनीवरचा, म्हणून समुद्रसपाटीपासून उंच. पहिल्या पत्रलेखिकेने गाडीतून जे तीन रविवार शोधले ते ओशेयेडनसारखे काहीतरी होते, आणि तिच्या काउंटीचा माथा बहुधा या दुसऱ्या प्रकारचा निघेल.

आकड्यांची तुलना करताना तिथे आणि तुमच्याकडेही एक पथ्य पाळावे लागते. जुन्या नकाशांतील उंची 1929 च्या आधारपातळीवरून (जिला शून्य धरून उंची मोजतात ती पातळी) दिलेली आहे आणि लायडारची 1988 च्या. मध्यपश्चिमेत या दोहोंतला फरक फुटाच्या अंशाइतकाच असतो, रॉकी पर्वतात तो मीटरहून अधिक होतो. वितीभर फरकाने निर्णय करायचा असेल तर एका जागेची जुनी उंची आणि दुसरीची नवी शेजारी ठेवून चालणार नाही. वहीत उंचीसमोर तारीख, आधारपातळी आणि फूट की मीटर हे तिन्ही लिहावेत.

सिब्लीजवळच्या त्या जागेला आता हॉकआय पॉइंट म्हणतात. शेतकरी कुटुंबाने ती पुढे काउंटीला दिली आणि आज तिथे फलक आहे, लोक गाडीने येऊन छायाचित्र काढतात. पूर्वी येणाऱ्याला वाडा ओलांडून जनावरांच्या लांब गव्हाणीपाशी जावे लागे, कारण राज्याचा सर्वोच्च बिंदू त्या गव्हाणीच्या उत्तरेकडच्या टोकाशी होता.